विंडोजवरून क्रोमबुकवर जाताना : आधी कामांची यादी, मग लॅपटॉप

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कोल्हापूरच्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या पेढ्यांवर, शाळांच्या ऑफिसात आणि घरोघरी जे जुने पीसी अजून ठणठणीत चालतात, त्यांतले बरेच विंडोज ११ घेतच नाहीत. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. अशा वेळी नवा महागडा विंडोज लॅपटॉप घ्यावा की क्रोमबुकसारखा साधा लॅपटॉप पुरेल, हा प्रश्न येतो. क्रोमबुकवर गूगलची क्रोमओएस ही प्रणाली असते. ब्राउझर, थोडी अँड्रॉइड अॅप्स आणि फायली ठेवायची जागा, एवढंच तिचं विश्व. ते ज्याला पुरतं त्याचं काम निम्म्या कटकटीत होतं. ज्याला पुरत नाही त्याचं पहिल्याच महिन्यात अडतं. म्हणून लॅपटॉप बघायच्या आधी वही घ्या.

महिन्याभराची यादी

एक आठवडा पुरत नाही, पूर्ण महिना धरा. दुकानदाराचं खरं काम ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरताना दिसतं. शाळेत ते पगारबिलाच्या आठवड्यात आणि निकालाच्या वेळी दिसतं. पीसीवर जे जे उघडाल ते लिहा आणि प्रत्येकापुढे एकच खूण करा: हे ब्राउझरमध्ये होतं की वेगळा प्रोग्रॅम लागतो?

ई-मेल, नेट बँकिंग, जीएसटी आणि आयकराची पोर्टलं, महाडीबीटीचे अर्ज, सातबारा काढणं, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, व्हॉट्सअॅप वेब, साधी पत्रं आणि हिशोबाच्या शीट या सगळ्यात अडचण नाही. प्रोप्रायटरचं जीएसटी विवरणपत्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही भरता येतं.

आता कुठे अडतं ते स्पष्ट सांगतो. टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे, ते क्रोमबुकवर बसत नाही. ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांचं आणि कंपन्यांचं डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन त्याच्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे ते चालवणाऱ्या खास प्रोग्रॅमशिवाय, चालत नाही, आणि तो ड्रायव्हर क्रोमओएससाठी मिळत नाही. सेतू किंवा सीएससी केंद्रातली आधारची बोटांच्या ठशांची यंत्रं विंडोज आणि अँड्रॉइड फोनसाठी बनलेली असतात, म्हणून केंद्रचालकाने क्रोमबुकच्या नादी लागू नये. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत सॉलिडवर्क्स किंवा पूर्ण ऑटोकॅडवर ड्रॉइंग करणाऱ्यांनीही विंडोजच ठेवावं. ऑटोकॅडची वेब आवृत्ती ड्रॉइंग उघडून बघायला आणि किरकोळ बदलाला ठीक आहे, त्यापलीकडे नाही. कोरलड्रॉ, पेजमेकर, अॅक्सेसचा डेटाबेस आणि मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाइल यांचंही तेच. एक्सेलचे मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत आणि एक्सेलच्या मोफत वेब आवृत्तीतही चालत नाहीत.

यादीत अशी एक-दोनच कामं निघाली तर मधला रस्ता आहे. जुना विंडोज पीसी दुकानातच राहू द्या, त्यावर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवा आणि घरून क्रोमबुकच्या ब्राउझरमधून तो उघडा. ही सोय मोफत आहे. टॅली तिकडे चालतं, इकडे फक्त पडदा दिसतो. दोन गोष्टी मात्र लागतात. तो पीसी चालू हवा, म्हणून त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये झोपेची वेळ 'कधीच नाही' करा. आणि सहीचं टोकन त्याच पीसीला लावलेलं हवं. ते कायम लावून ठेवू नका, सहीच्या दिवशी दुकानातल्या माणसाकडून लावून घ्या आणि काम झालं की काढायला सांगा.

जुने मराठी फॉन्ट

स्थलांतरात मराठी माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे घाई नको. कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मुळात मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यांच्यावर देवनागरी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की शाळेच्या दाखल्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि विरामचिन्हांची रांग दिसते. क्रोमओएसमध्ये बाहेरचा फॉन्ट बसवायची सरळ सोय नाही आणि गूगल डॉक्समध्ये आपला फॉन्ट चढवता येत नाही. त्यामुळे हे रूपांतर विंडोज हाताशी असतानाच करायचं.

आधी ओळख पटवा. वर्डमध्ये फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून निर्मला यूआय करा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसणारा मजकूर, आहे, काही करायची गरज नाही. तो विस्कटला तर जुना फॉन्ट आहे. लगेच कंट्रोल-झेड दाबा आणि मूळ फाइल सेव्ह न करता बंद करा.

मग छाननी. ज्या फायली पुन्हा बदलायच्या नाहीत, जुने ठराव, मागल्या वर्षांचे निकाल, जुनी पत्रं, त्यांची विंडोजवरच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे ती कुठेही नीट दिसते. ज्यांचा मजकूर पुन्हा वापरायचा आहे, एवढ्याच युनिकोडमध्ये बदला. कृतिदेवमधून युनिकोड करून देणारी मोफत वेबपानं बरीच आहेत. एकेक परिच्छेद तिथे टाका आणि निघालेला मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवा. ठळक अक्षरं, तक्ते, समास हे सगळं पुन्हा करावं लागतं. इंग्रजी शब्द, ई-मेल पत्ते, जीएसटी क्रमांक कन्व्हर्टरमध्ये घालू नका, नाहीतर त्यांचंही 'मराठी' होऊन बसतं. विद्यार्थ्यांची किंवा सभासदांची खासगी माहिती अनोळखी वेबपानावर टाकू नका. ती यादी हाताने पुन्हा टाइप केलेली बरी.

तपासताना कुठे बघायचं? यातले बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे मराठीची खास अक्षरं तिथे मार खातात. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' यांतला ऱ्य, 'फळे', 'शाळा' यांतला ळ, 'ऑक्टोबर', 'कॅश' यांवरचा चंद्र बघा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकत्र आले की घोटाळा ठरलेला. 'शिर्के', 'निर्मला' अशी नावं शोधून डोळ्याखालून घाला. एखाद्याच्या नावावरचा रफार शेजारच्या अक्षरावर गेला तर तो दाखला चुकीचाच.

युनिकोडवर आल्यावर आणखी एक बदल होतो. मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्याने क्रोमबुकवर त्या जागी दुसरा फॉन्ट येतो आणि ओळी सरकतात. एका पानात बसवलेला अर्ज दीड पानावर जातो. गूगल डॉक्समध्ये मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट आहेत. एक ठरवून सगळे नमुने त्यात बसवून घ्या. लग्नपत्रिका, अहवाल यांसाठी प्रेसवाल्याकडे जाणार असाल तर आधी विचारा. जुन्या पेजमेकरवर काम करणाऱ्याला युनिकोड मजकूर घेता येत नाही, त्याला पक्की पीडीएफ द्यावी लागते.

पैसे न घालता चाचणी

पहिली चाचणी अगदी सोपी. आत्ताच्या पीसीवर एक आठवडा क्रोम ब्राउझरखेरीज काहीही उघडायचं नाही, वर्ड-एक्सेलसुद्धा नाही. जिथे हात आपोआप दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाईल ते वहीत टिपा.

दुसरी चाचणी क्रोमओएस फ्लेक्सची. ही गूगलची मोफत प्रणाली जुन्या पीसीवर पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. पीसी ६४ बिटचा, इंटेल किंवा एएमडीचा हवा, रॅम किमान ४ जीबी हवी. २०१० च्या आधीचा प्रोसेसर असेल तर फारशी आशा धरू नका.

१. ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह रिकामा करा, त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
२. क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन टाका. मॉडेलच्या यादीतून गूगल क्रोमओएस फ्लेक्स निवडा आणि पेन ड्राइव्ह तयार करून घ्या.
३. पीसी बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा. डेल, लेनोवो, एसर यांवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, असूसवर एस्केप.
४. यूएसबी निवडा आणि पुढच्या पडद्यावर 'आधी वापरून पाहा' हाच पर्याय घ्या. 'इन्स्टॉल' दाबलंत तर हार्ड डिस्कवरचं विंडोज आणि सगळ्या फायली जातात. दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवायची सोय फ्लेक्समध्ये नाही.

पेन ड्राइव्हवरून चालताना ती संथ वाटते, तेवढ्यावरून निकाल लावू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड चालतात का आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे बघा. सगळं जमलं आणि यादीतही काही अडत नसलं, तर नवा लॅपटॉप न घेता याच पीसीवर फ्लेक्स बसवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नाही, म्हणजे अँड्रॉइड अॅप्स नाहीत, आणि बोटाच्या ठशाने लॉगिनही होत नाही. चाचणीनंतर पेन ड्राइव्ह विंडोजला छोटा दिसू लागला तर घाबरू नका. त्याच युटिलिटीत गिअरच्या खुणेखाली तो पुसून पूर्ववत करायचा पर्याय आहे.

घेताना काय पाहायचं

राजारामपुरीत दुकानात बघा किंवा ऑनलाइन मागवा, सगळ्यात आधी मॉडेलची अपडेटची शेवटची तारीख बघा. २०२१ पासूनच्या क्रोमबुकना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं ते हार्डवेअर बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलापासून नाही. स्वस्तात निघालेल्या जुन्या मालाची तीन-चार वर्षं आधीच खर्ची पडलेली असू शकतात. दुकानातल्या यंत्रावर सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोमओएस' आणि तिथे 'अॅडिशनल डिटेल्स' उघडलं की तारीख दिसते.

रॅम ८ जीबी घ्या. ४ जीबीवर मुलाचा गूगल मीटवरचा क्लास आणि आठ-दहा टॅब एकत्र चालवले की टॅब पुन्हापुन्हा लोड होऊ लागतात, आणि रॅम बोर्डवरच जोडलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज ६४ जीबीपेक्षा कमी नको. पडदा तिरक्या कोनातून बघा. रंग उलटेपालटे दिसले तर तो स्वस्त टीएन पडदा आहे, दिवसभर वाचायला त्रास देतो. 'क्रोमबुक प्लस' हा शिक्का असेल तर किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, १०८० पी आयपीएस पडदा आणि तशाच दर्जाचा कॅमेरा असतो. बजेट बसत असेल तर आम्ही तोच घ्या म्हणू.

सेकंडहँड घेताना दुकानदारासमोर यंत्र पूर्ण पुसून पुन्हा सुरू करून घ्या. सुरू होताच एखाद्या शाळेचं किंवा कंपनीचं नाव दाखवून त्यांच्याच खात्याची मागणी झाली, तर ते यंत्र त्या संस्थेच्या ताब्यात नोंदलेलं आहे. ते कितीही स्वस्त असलं तरी परत द्या. अँटिव्हायरस सोबत घ्या म्हटलं तर नको म्हणा. क्रोमओएसला त्याची गरज नाही. धोका असतो तो वाटेल ती एक्स्टेन्शन टाकण्यात.

सामान हलवताना

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर तर आहेतच. डी ड्राइव्ह विसरू नका, आपल्याकडे खरं काम बहुधा तिथेच असतं. गूगल खात्याची मोफत जागा १५ जीबी आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून. म्हणून चालू वर्षाचं काम ड्राइव्हवर चढवा, बाकी सगळं पोर्टेबल हार्ड डिस्कवर. एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्क क्रोमबुक वाचतं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ती उघडणार नाही, ते विंडोजवरच काढा.

वर्ड-एक्सेलच्या नेहमीच्या फायली तशाच ठेवा. क्रोमबुकवर त्या त्याच रूपात उघडतात, बदलतात आणि सेव्ह होतात. आउटलुकमधली जुनी पत्रं असतील तर आउटलुकमध्येच जीमेल खातं आयमॅपने जोडा आणि फोल्डर तिकडे ओढून टाका. मोठ्या फोल्डरला रात्रभर लागू शकते. पासवर्ड एज ब्राउझरमध्ये जपलेले असतील तर तिथून निर्यात करून गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये आणा. ती निर्यात केलेली फाइल नंतर लगेच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा, कारण त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात.

पहिला दिवस

क्रोमबुकवर जे गूगल खातं सर्वांत आधी लॉगिन होतं ते त्याचं मालक खातं ठरतं. दुकानाचं यंत्र कामगाराच्या किंवा मदतीला आलेल्या भाच्याच्या खात्याने सुरू करू नका. मालक बदलायचा तर यंत्र पूर्ण पुसावं लागतं. लॉगिनच्या आधी खात्याचा रिकव्हरी मोबाइल नंबर चालू आहे ना बघा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्या खात्याचा पासवर्ड विसरलात तर यंत्रात साठवलेलं परत मिळेलच असं नाही.

पहिलं अपडेट मोठं असतं, ते मोबाइल डेटावर नको. पुढची अपडेट मागच्या मागे उतरतात आणि पुन्हा चालू केल्यावर लागू होतात.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या इनपुटच्या भागात मराठी लिप्यंतरण जोडा. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी शब्द सुचतात. कंट्रोल-स्पेसने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इनस्क्रिप्टवर दहा बोटांनी टाइप करणाऱ्यांनी मात्र घ्यायच्या आधी दुकानातच ती यादी उघडून आपला कळफलक आहे का ते बघावं. ज्याचा रोजगार टायपिंगवर आहे त्याला लिप्यंतरण फार मंद पडतं.

एमएस-सीआयटीपासून बोटांना लागलेल्या सवयी पहिले दोन आठवडे सतावतात. कॅप्स लॉकच्या जागी सर्च किंवा लाँचर की असते, कॅप्स लॉक हवं तर आल्ट आणि ती एकत्र दाबा. डिलीट की नाही, सर्च आणि बॅकस्पेस दाबा. होम आणि एंडसाठी सर्चसोबत डावा-उजवा बाण. राइट क्लिक म्हणजे टचपॅडवर दोन बोटांनी टिचकी. पडद्याचा फोटो हवा तर कंट्रोल आणि वरच्या ओळीतली खिडक्यांच्या चित्राची की. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल-शिफ्ट आणि अधिक. कॉपी-पेस्ट, आल्ट-टॅब पूर्वीसारखंच.

छपाई

बऱ्याच ऑफिसांत कॅनन एलबीपी २९०० सारखा दणकट जुना लेसर प्रिंटर असतो. तो सगळं काम पीसीवरच्या खास ड्रायव्हरकडून करून घेतो आणि क्रोमओएससाठी तो ड्रायव्हर नाही. केबल लावून काही होत नाही. वायफाय असलेले, फोनवरून थेट छापणारे प्रिंटर मात्र बहुधा आपोआप सापडतात. एक खात्रीची परीक्षा: अँड्रॉइड किंवा आयफोनवरून वेगळं अॅप न टाकता छापता आलं, तर क्रोमबुकवरूनही जवळपास नक्की छापता येईल. जुन्या लेखांत 'गूगल क्लाउड प्रिंट'चा सल्ला दिसतो. ती सेवा २०२० अखेर बंद झाली, त्यात वेळ घालवू नका. महिन्याला दहा-वीसच पानं असतील तर पीडीएफ करून जवळच्या झेरॉक्सवाल्याला पाठवणं नव्या प्रिंटरपेक्षा स्वस्त पडतं.

नेट गेल्यावर

पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जाण्याची सवय आपल्याला आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठी काय झालं ते सांगायला नको. क्रोमबुक नेटशिवाय निकामी होतं हा गैरसमज आहे, पण तयारी आधी करावी लागते. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' चालू करा. मग लागणाऱ्या प्रत्येक फाइलवर राइट क्लिक करून ती ऑफलाइन उपलब्ध ठेवा. एकदा वायफाय बंद करून फाइल उघडते का, हे आजच बघा. ग्राहकांची उधारीची शीट, बिलाचा नमुना, फोन नंबरांची यादी एवढं तरी असावं. 'माय फाइल्स'मध्ये ठेवलेलं नेटविना उघडतं, पण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. यंत्र पाण्यात गेलं की ते गेलं. गेस्ट म्हणून उतरवलेली फाइल तर बाहेर पडताच पुसली जाते.

चार्जर बहुतेक क्रोमबुकना ४५ वॅटचा यूएसबी-सी लागतो. फोनच्या छोट्या चार्जरने ते फार हळू भरतं किंवा कमी ताकदीचा चार्जर असल्याची सूचना देतं. यंत्र अडकलंच तर रिफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबा. मात्र त्याने डाउनलोड्समधल्या काही फायली पुसल्या जाऊ शकतात. त्यानेही भागलं नाही तर लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-आर ने 'पॉवरवॉश' करता येतं, पण त्यात यंत्रावरचं सगळं पुसलं जातं.

जुना पीसी कधी काढायचा

निदान एक तिमाही दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे जीएसटीचं आणि शाळेचं एक पूर्ण चक्र नव्या यंत्रावर होऊन जातं. त्या काळात विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करू नका. टॅलीसाठी किंवा सहीसाठी तो चालवणारच असाल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नावनोंदणी करा. घरगुती वापरकर्त्यांसाठी त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. पुढे टॅलीसाठी विंडोज ११ चं यंत्र लागेलच, तेव्हा त्याची तरतूद आत्ताच धरा.

विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी रिसेटमध्ये 'सगळं काढून टाका' निवडा आणि पुढच्या पडद्यावर डिस्क साफ करायचा पर्याय चालू करा. नुसतं फोल्डर पुसून डिस्क रिकामी होत नाही. यंत्र चालूच होत नसेल तर मागचा पत्रा उघडून हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचा सांगाडा द्या.